ई-कॅडहेरिन गेलं की कॅन्सर पसरतो, हे अजून किती वर्षं शिकवायचं?

अमळनेरचा मास्तर
बीएस्सीच्या पोरांना एक वाक्य तोंडपाठ असतं: ई-कॅडहेरिन पेशीला पेशी चिकटवून ठेवतं, ते गेलं की स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सुट्या होतात आणि पसरतात. मला हे पटत नाही. बहुतेक रुग्णांचा कॅन्सर डक्टल (दूधनलिकांतून सुरू होणाऱ्या) प्रकारचा, आणि त्यात हे प्रथिन सहसा शाबूत असतं. 2019 साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरचं काम आलं. ई-कॅडहेरिन काढल्यावर पेशी शेजारच्या भागात जास्त घुसल्या, पण दूरच्या अवयवात मूळ धरायच्या आधीच मोठ्या संख्येने मेल्या. म्हणजे चिकटून राहणं कॅन्सरच्याही फायद्याचं!

स्लाइडवाली, जळगाव
सर, तुम्ही उंदीर बघा, मी रोज काचपट्ट्या बघते. लोब्युलर कॅन्सर, म्हणजे स्तनातल्या दूधग्रंथींचा, स्तनाच्या शंभर कॅन्सरांत साधारण 10 ते 15. त्यातल्या जवळपास 90 टक्क्यांत ई-कॅडहेरिन नसतंच. पेशी एकामागे एक रांगेने शिरतात, धड गाठही होत नाही, मॅमोग्राफीत सुटून जातो. आणि पसरतो की! हाडांत जातो, पोटाच्या आतल्या आवरणावर, बीजांडकोशात, जठरा-आतड्यातही. ई-कॅडहेरिन बनवणाऱ्या सीडीएच1 जीनचा दोष आईबापाकडून आला तर जठराचा डिफ्यूज (विखुरलेल्या पेशींचा) कॅन्सर आणि हा लोब्युलर, दोन्हींचा धोका वाढतो. तुमचे उंदीर याला काय म्हणतात?

अमळनेरचा मास्तर
लोब्युलरची चाल निराळी, मान्य. पण अपवादावरून नियम शिकवू नका. 2014 मध्ये दिसलं की रक्तात फिरणाऱ्या पेशींचे झुबके सुट्या पेशींपेक्षा उंदरांत 23 ते 50 पट जास्त गाठी धरतात. त्या झुबक्यांना बांधणारं प्लाकोग्लोबिनही चिकटपणाचंच प्रथिन.

भुसावळकर
तुमचं चालू द्या भो. मावशीच्या रिपोर्टात ‘ई-कॅडहेरिन निगेटिव्ह’ आलंय. व्हॉट्सॲपवर कोणीतरी ‘पसरला’ म्हणून सांगितलं, घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही.

स्लाइडवाली, जळगाव
भाऊ, तो तपास प्रकार ओळखायला करतात. पसरला का, ते काखेतल्या गाठी आणि स्कॅनवरून ठरतं. औषधासाठी ईआर, पीआर (पेशीवरचे हार्मोनचे ग्राहक) आणि हर2 (वाढीचं एक प्रथिन) बघा. लोब्युलर बहुतेकदा ईआर पॉझिटिव्ह असतो, म्हणजे हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांचा उपयोग होतो. रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांकडेच जा, ग्रुपवर टाकू नका. (आणि सर, तुम्हाला न पटणारं ते वाक्य घराघरात असं पोचतं, एवढं मात्र खरं.)

धुळ्याची पीएचडी
ई-कॅडहेरिन आहे की नाही, हा वादच अर्धवट आहे. पुष्कळ गाठींत पेशी हे प्रथिन निघताना कमी करतात आणि नव्या जागी बसताना परत वाढवतात. जीन शाबूत, फक्त बंद-चालू.

अमळनेरचा मास्तर
हेच तर म्हणतोय मी! बसायला लागतंच.

स्लाइडवाली, जळगाव
लोब्युलरमध्ये बहुतेकदा जीनच मोडलेला असतो, सर. तो परत चालू कुठून करणार? तरी हाडात बसतोच ना? आधी याचं उत्तर द्या, मग अभ्यासक्रम बदला.