शब्दचर्चा: नेमबाजाचा ‘क्लास’ म्हणजे श्रेणी, प्रतवारी की आणखी काही?

मी अमेरिकेत प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी करतो. यूएसपीएसए या आमच्या संघटनेत प्रत्येकाला ‘क्लास’ मिळतो. सगळीकडे सारख्याच मांडायच्या काही ठरावीक फेऱ्या आहेत, त्या ‘क्लासिफायर’. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा हिट फॅक्टर. ६० गुण ७.५ सेकंदांत मिळवले तर ८. त्या फेरीचा कमाल हिट फॅक्टर १० धरलेला असेल, तर त्या फेरीत माझे ८० टक्के. अशा अनेक फेऱ्यांच्या सरासरीवरून क्लास ठरतो: ४० टक्क्यांखाली डी, मग सी, ६० पासून बी, ७५ पासून ए, ८५ ला मास्टर, ९५ ला ग्रँडमास्टर. आईला फोनवर म्हटलं, “मला बी मिळाला.” ती म्हणाली, “परीक्षा कसली होती रे?” या ‘क्लास’ला आपण काय म्हणावं?

प्रतिसाद: ‘प्रतवारी’ आहे की! कांद्याची, कापसाची करतात तशी.

प्रतिसाद: प्रतवारी मालाची होते. हापूसच्या पेटीवर एकदा प्रत लिहिली की आंबा काही मेहनत करून वरच्या पेटीत जात नाही. नेमबाज जातो. म्हणून मला ‘श्रेणी’ बरा वाटतो. आमच्या कोल्हापुरात मात्र रायफलवाली मुलं वर्ग सांगतच नाहीत, आकडा सांगतात. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, साठ शॉटना ६५४. “सध्या सहाशे वीसवर आहे” एवढं म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या वेगळ्या प्रकारात कांस्य मिळालं, तेव्हाही इथे ४५१.४ हा आकडा पाठ झाला होता.

प्रतिसाद: मला सुधारणेचा शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो ‘नेम’मध्येच दडलाय. नेम म्हणजे नियम, व्रत. वारीचा नेम, संकष्टीचा नेम. लक्ष्यावर धरतो तोही नेमच. घरी पिस्तूल रिकामं आहे ना हे तपासून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज वीस मिनिटं चाप दाबायचा आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा उंचवटा) हलते का पाहायचं, यात दोन्ही अर्थ एकत्र येतात. (चाप ‘ओढला’ लिहू नका. ओढला की नळी हलते, दाबायचाच असतो.) असं महिनोन्‌महिने केल्यावर “हात बसला” म्हणतात. ‘कौशल्यवृद्धी’ वगैरे कशाला हवं?

मूळ लेखक: ‘हात बसला’ पटलं. यावरून आठवलं: खालच्या क्लासची बक्षिसं मिळावीत म्हणून काहीजण क्लासिफायर मुद्दाम वाईट मारतात, त्याला इथे सँडबॅगिंग म्हणतात. त्याला आपला ‘हात राखून मारणं’ चपखल बसतो. मला ते खेळाशी बेइमानी वाटतं. तर सरावाच्या वहीत आता ‘बी श्रेणी’ लिहितो. होल्स्टरमधून पिस्तूल काढण्याच्या ‘ड्रॉ’ला मी तलवारीसारखं ‘उपसणं’ लिहिलंय: “उपसणं, १.४ सेकंद.” चालेल का?