भाडेकरूने घर खराब केलं, तरी करार वाढवायचा का?

चर्चाप्रस्ताव
भाडं वेळच्या वेळी येतं. पण करार संपताना पाहणीत तीन गोष्टी दिसल्या: न्हाणीघरात फुटलेली टाइल, सिंकखालचं फुगलेलं प्लायचं कपाट, बेडरूमच्या भिंतीवर बुरशी. अशा वेळी काय करावं?

प्रतिसाद १
करार वाढवू नये. टाइल सोडा, कपाट बघा. लाकडाचा भुसा दाबून केलेलं पार्टिकल बोर्ड दोन-चार दिवसांत फुगतं. पण प्लायचे थर सुटून बिजागऱ्यांना गंज चढलाय म्हणजे गळती कित्येक महिने चालू होती. सिंकखालचं वॉशर बदलणं हे दहा मिनिटांचं काम. ते कळवलंच नाही, हा खरा दोष. उद्या भिंतीतली पाइप गळली तरी कळवणार नाहीत.

प्रतिसाद २
कपाटाचं पटतं, पण बुरशी त्यांच्या माथी मारण्याआधी तपासा. भिंत पुसून कोरडी करा, हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर हवा खेळत नाही. खिडक्या बंद, कपाट भिंतीला टेकलेलं. प्लास्टिकच्या मागे ओल असेल तर ती भिंतीतूनच येते, आणि ते काम मालकाचं. शिवाय घर रिकामं राहिलं तर दर महिन्याला वर्षाच्या भाड्यातले आठ टक्क्यांहून जास्त जातात. दोन महिन्यांत कपाटाच्या किमतीइतके पैसे बुडाले!

प्रतिसाद १
रिकाम्या घराचं नुकसान मोजता येतं, लपलेल्या गळतीचं नाही.

प्रतिसाद ३
दोघांनी डिपॉझिटचा विचारच केला नाही. दुरुस्ती त्यातून वळती करून करार वाढवला, तर पुढच्या नुकसानीला हाताशी काही उरत नाही. म्हणून कपाट आणि टाइलचे पैसे आत्ताच वेगळे घ्या, डिपॉझिट पूर्ण ठेवा. मात्र नव्या कपाटाची पूर्ण किंमत मागणं अन्याय आहे: दहा वर्षं टिकणारं कपाट सहा वर्षं वापरून झालं असेल, तर चाळीस टक्केच मागा. रंग विटणं, खिळ्यांची बारीक भोकं ही झीज. त्याचे पैसे मागूच नका.

प्रतिसाद २
मान्य. करारही सहाच महिन्यांचा करा, गळती दोन दिवसांत लेखी कळवण्याचं कलम घाला आणि आधी कळवून दर तीन महिन्यांनी पाहणी ठेवा.

प्रतिसाद १
पैसे द्यायला कुरकुर केली तर सहा महिनेही नकोत. दिले, तर सही करण्याआधी सिंकखालचा, नळांच्या सांध्यांचा आणि प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो काढून दोघांच्या सह्यांनिशी कराराला जोडा.