मी-सनची देवळं (व्हिएतनाम) एका दिवसात, आईबाबांना घेऊन जमेल का? आणि शाकाहारी जेवणाचं काय?

घोडबंदररोडवाली

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आई, बाबा, नवरा आणि मी असे चौघं व्हिएतनामला चाललोय. तिकिटं झाली, ई-व्हिसा पण आला (माणशी २५ डॉलर), होई आन या गावात तीन रात्री आहेत. बाबा ७१ वर्षांचे, अंबरनाथच्या शिवमंदिरात दर महाशिवरात्रीला जाणार म्हणजे जाणारच, आणि त्यांनी कुठेतरी वाचलं की व्हिएतनाममध्ये शंकराची दीड हजार वर्षांपूर्वीची जागा आहे, मी-सन म्हणून, तेव्हापासून रोज जेवताना तोच विषय. पण आमच्या ट्रॅव्हलवाल्याने त्या दिवशी बाना हिल्सचा तो मोठ्या हातांवरचा पूल टाकलाय आणि म्हणतो मी-सनला पडक्या विटांशिवाय काही नाही, उगाच दिवस जाईल. खरंच तसं आहे का? बाबांचा डावा गुडघा दुखतो, सपाटीवर चालतात पण पायऱ्या आल्या की त्रास. आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही, तिने आत्तापासूनच दशम्या आणि लसणाच्या चटणीची तयारी चालवलीय. कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज नीट सांगा.

खारघरकर

ताई, पूल राहू दे, मी-सनच करा. मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत सासऱ्यांना घेऊन गेलो होतो, ते पण सत्तरीचे.

पडक्या विटा म्हणणाऱ्याने तिथे जाऊन विटा बघितलेल्या नाहीत एवढं नक्की. आपलं अंबरनाथचं देऊळ काळ्या दगडाचं, १०६० सालचं, मी-सनला सुरुवात झाली चौथ्या शतकाच्या शेवटी. चंपा म्हणजे तिथलं चाम लोकांचं जुनं राज्य, त्याचा राजा भद्रवर्मन, त्याने शंकराचं देऊळ बांधलं आणि देवाचं नाव ठेवलं भद्रेश्वर, म्हणजे स्वतःच्या नावाला ईश्वर जोडून, हीच पद्धत आपल्याकडे पण आहे ना. ते आगीत गेलं, मग सातव्या शतकात शंभुवर्मनने परत बांधलं आणि शंभुभद्रेश्वर झालं. पुढे तेराव्या शतकापर्यंत राजे येत राहिले, बांधत राहिले. शिलालेख संस्कृतमध्ये आहेत, चाम भाषेत पण आहेत. एकेक वीट दुसऱ्या विटेवर अशी बसवलीय की मध्ये चुना दिसतच नाही, मी डोळे अगदी भिंतीजवळ नेऊन बघितलं, सांधा केसाएवढा. विटा भिंतीत बसवल्यावर मग त्यांच्यावर नक्षी कोरलीय. आणि जुनी वीट अजून तांबडी आहे पण दुरुस्तीत घातलेल्या काही नव्या विटा पांढुरक्या पडल्यात, शेवाळ धरलंय, हा फरक लांबूनसुद्धा कळतो.

तिथल्या देवळांच्या समूहांना ए, बी, सी अशी अक्षरं दिलीत. बाबांना ए ग्रुपची गोष्ट आधी सांगून ठेवा. तिथलं ए-१ सगळ्यात देखणं देऊळ होतं, जवळजवळ २४ मीटर उंच. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बिंगमध्ये कोसळलं. एवढी शतकं उभं होतं आणि एका आठवड्यात गेलं. बाजूला गवतात बॉम्बचे खड्डे अजून आहेत, सासरे त्यातल्या एका खड्ड्याच्या काठावर काही न बोलता किती वेळ उभे होते, मी पण हाक मारली नाही. मग त्यांना सांगितलं की याच ए ग्रुपवर, शिवाय एच आणि के वर, आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी २०१७ ते २०२२ काम केलंय आणि २०२० मध्ये त्यांना अखंड वालुकाश्माचं नवव्या शतकातलं शिवलिंग मिळालं, तेव्हा सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

गुडघ्याचं म्हणाल तर तिकिटावर (आम्ही गेलो तेव्हा दीड लाख डाँग, आपले साधारण ५०० रुपये) बॅटरीवर चालणारी गाडी आत नेते, पण पुढे चालावंच लागतं. बी, सी आणि डी एकमेकांना लागून आहेत, ते आधी करा, बी-५ चं होडीसारखं छप्पर बघा, तिथे देवाचं भांडार असायचं. मग बसून पाणी प्या आणि नंतर ए. जी ग्रुप टेकाडावर आहे, तो सोडा. देवळांच्या दारांना उंच दगडी उंबरे आहेत, तिथे हात धरा.

आणि मेमध्ये जाताय तर सकाळी पाचला होई आन सोडा, खरंच पाचला. अंतर ४० किलोमीटरच्या आसपास, पहिल्या गाडीने आत गेलात तर दरीत धुकं असतं, माणसं नसतात. दहानंतर सगळ्या टूरच्या बसेस येतात आणि चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे वारा अजिबात नाही, आपल्या ऑक्टोबर हीटपेक्षा वाईट. टूरवाल्याकडून घेऊ नका, गाडी स्वतः ठरवा, आमच्या एका ओळखीच्यांना टूरमध्ये तासाभरात बाहेर काढलं आणि मग दीड तास मार्बलच्या दुकानात बसवलं.

ऐरोलीकर_ताई

जेवणाचं मी सांगते, माझ्या सासूबाई पण तुमच्या आईसारख्याच. दशम्या न्याच, प्रवासात लागतात, पण तिथे उपाशी राहायची वेळ येत नाही. एकच शब्द पाठ करायचा, "आन चाय", म्हणजे मी शाकाहारी खाते. आपल्या चहासारखाच उच्चार. दुकानावर "कॉम चाय" पाटी दिसली की तिथे सगळंच शाकाहारी. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्यामुळे पौर्णिमेला तर साध्या खानावळीतसुद्धा चायची भांडी वेगळी लागतात. तारखा बघा, पौर्णिमेच्या आदल्या रात्री होई आनला नदीकाठी कंदिलांचा उत्सव असतो, तो मिळाला तर आईंना फार आवडेल.

मात्र फक्त "मटण-चिकन नको" म्हणून चालणार नाही, न्युओक माम म्हणजे माशांचं आंबवलेलं पाणी जवळपास प्रत्येक गोष्टीत असतं, भाजीत पण, चटणीत पण. चाय म्हटलं की ते समजतात आणि सोया सॉस वापरतात. अंड्याचं मात्र वेगळं सांगा.

मी-सनहून परत येताना मी-क्वांग खाल्ल्याशिवाय येऊ नका, ते याच क्वांग नाम भागातलं नूडल्ससारखं खाणं. तांदळाच्या रुंद पट्ट्या, हळदीने पिवळ्या केलेल्या, तळाशी थोडासाच रस्सा, वर शेंगदाणे, केळफुलाचे बारीक काप, पुदिना, आणि सोबत तिळाचा मोठा भाजलेला पापड. तो पापड हाताने चुरून वर घालायचा आणि लगेच खायचं, मऊ पडायच्या आत. चाय मी-क्वांगमध्ये टोफू आणि मशरूम असतं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, अगं ही तर आपली हळद, आणि पूर्ण वाटी संपवली. काव लाऊ नावाच्या नूडल्स होई आनच्या प्रसिद्ध आहेत पण मूळ डुकराच्या मांसाचं, चाय मिळतं, मला मी-क्वांगच जास्त आवडलं.

घोडबंदररोडवाली

खूप खूप आभार दोघांचे!! बाबांना वाचून दाखवलं, ते आता चार वाजताच उठतो म्हणतायत. एक विचारायचं राहिलं, त्यांना तिथे पिंडीवर पाणी घालायचंय, आमच्या ठाण्याच्या कोपिनेश्वराच्या (शंकराच्या) देवळातून तीर्थ न्यायचा विचार आहे. चालतं का?

नौपाडा_भटक्या

पाणी घालू नका ताई, तिथे पूजाअर्चा होत नाही, १९९९ पासून जागतिक वारसा आहे आणि दगडांना हात लावायची पण बंदी आहे. आम्ही हात जोडून उभे राहिलो, बायको हळू आवाजात "कर्पूरगौरं" म्हणाली, कोणी हरकत घेतली नाही. बाबांना हे सांगा की पूजा थांबलेली नाही, चाम लोकांमधले हिंदू अजून आहेत, दक्षिणेला फान रांगजवळ पो क्लाँग गराईच्या देवळात काटे सणाला आजही देवाला अंघोळ घालून वस्त्रं नेसवतात.

दा नांगला विमानाआधी दोन तास असतील तर चाम शिल्पांचं म्युझियम करा, १९१९ मध्ये उघडलेलं. मी-सनच्या ई-१ देवळातली लिंगाची बैठक तिथे आहे, तिच्यावर गुहेत बसलेले साधू कोरलेत, कोणी बासरी वाजवतोय, कोणी शिष्याला शिकवतोय. देवळं बघून झाल्यावरच जा, म्हणजे रिकाम्या गाभाऱ्यात काय असायचं ते बाबांना तिथे दिसेल. बसायला बाकं आहेत.

घोडबंदररोडवाली

ट्रॅव्हलवाल्याला आत्ताच फोन केला, पूल कॅन्सल. तीर्थ मग परत आल्यावर कोपिनेश्वरालाच वाहू म्हणाले बाबा.