कनेक्शन तुटलं की आधी फायरवॉल बंद? हा सल्ला थांबायला हवा

रामदासपेठ_नेटवर्क
समजा, इतवारीतल्या ठोक दुकानात बिलिंगचा पीसी आहे आणि बुटीबोरीच्या गोदामात एसक्यूएल सर्व्हर (सगळा डेटा सांभाळणारा प्रोग्रॅम). सकाळी पीसीवर ‘सर्व्हर सापडत नाही’ असं येतं आणि फोनवर पहिला सल्ला मिळतो: फायरवॉल बंद करून बघा. माझ्या मते हा सल्ला चुकीचाच आहे. विंडोज फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेर जाणारी जोडणी अडवत नाही, आत येणारी अडवते. म्हणून दुकानातल्या पीसीवर ती बंद करून बहुधा काहीच कळत नाही. गोदामातल्या सर्व्हरवर बंद केली, तर फाइल शेअरिंगपासून रिमोट डेस्कटॉपपर्यंत सगळीच दारं उघडतात.

त्याऐवजी दुकानातून पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन चालवा, सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि पोर्ट १४३३ (एसक्यूएलचा नेहमीचा दरवाजा) देऊन. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं की फायरवॉलचा विषय संपला. मग लॉगिन, ड्रायव्हर बघा. ‘फॉल्स’ आलं तर बिलिंग प्रोग्रॅमने दिलेला एरर नंबर वाचा. १००६० म्हणजे पलीकडून उत्तरच आलं नाही. १००६१ म्हणजे मशीन सापडलं, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. नुसत्या पिंगवर (मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) जाऊ नका. पिंग बंद असूनही पोर्ट चालू असू शकतो.

हिंगणा_डीबीए
इथंच असहमत. १००६० आणि १००६१ मधला हा फरक पुस्तकात ठीक आहे. सर्व्हरवर विंडोज फायरवॉल चालू असेल तर तिचा स्टेल्थ मोड, बंद पोर्टवरून जाणारा नकारही अडवतो. म्हणजे एसक्यूएलची सेवा पडलेली असली तरी दुकानात १००६० च दिसणार आणि तुम्ही तासभर राउटर तपासत बसणार. सर्व्हरवर दोन मिनिटं फायरवॉल बंद केली की तोच एरर १००६१ होतो आणि खरं कारण समोर येतं. पुन्हा चालू करायची, एवढंच.

महाल_सपोर्ट
भाऊ, ‘पुन्हा चालू करायची’ हेच तर कोणी करून नाही राहिलं. काउंटर सुरू झाला की सगळे विसरतात. राउटरवर १४३३ फॉरवर्ड (इंटरनेटवरून थेट सर्व्हरकडे वळवलेला) असेल तर ‘एसए’ या मुख्य अॅडमिन खात्याचे पासवर्ड आजमावणारे बॉट आधीच दारावर असतात. नियमात फक्त दुकानाच्या आयपीला परवानगी होती. फायरवॉलसोबत तेही गेलं. लॉगमध्ये १८४५६ च्या (फसलेल्या लॉगिनच्या) ओळी मोजा म्हणजे कळेल.

रामदासपेठ_नेटवर्क
स्टेल्थ मोडचा मुद्दा मान्य, तो मी सोडला होता. पण त्यासाठी फायरवॉल कशाला पाडायची? सर्व्हरवरच नेटस्टॅट -एएनओ (कोणत्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारी कमांड) चालवा. १४३३ समोर ‘लिसनिंग’ नसेल तर सेवा बंद आहे किंवा पोर्ट वेगळा आहे. एसक्यूएलच्या मोफत एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपी/आयपी (नेटवर्कवरून जोडणी घ्यायची सोय) सुरुवातीला बंदच असतो, तो कॉन्फिगरेशन मॅनेजरमधून चालू करून सेवा रीस्टार्ट करावी लागते.

‘लिसनिंग’ आहे आणि तरी बाहेरून लागत नसेल, तर फायरवॉलच्या नियमाचं प्रोफाइल (तो कोणत्या प्रकारच्या नेटवर्कला लागू आहे) बघा. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि ते ‘पब्लिक’ ठरू शकतं. नियम फक्त ‘प्रायव्हेट’साठी लिहिलेला असेल तर तो तिथं लागू होत नाही. नियम डोळ्यांसमोर हिरवा दिसतो, आणि लोक मूळ कारण सोडून अख्खी फायरवॉल पाडतात.

हिंगणा_डीबीए
नेटस्टॅटचं पटलं. पण नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव दिलेली एसक्यूएलची प्रत) असेल तर १४३३ चा नियम तपासून काय होणार? पोर्ट डायनॅमिक असतो, सेवा रीस्टार्ट झाल्यावर बदलू शकतो, आणि तो विचारायला क्लायंट यूडीपी १४३४ वर एसक्यूएलच्याच ब्राउझर सेवेकडे जातो. ती वाट बंद असली की एरर २६ (इन्स्टन्स सापडत नाही). अशा वेळी नियम एकेक करून शोधण्यापेक्षा फायरवॉल बंद करून खात्री करणं लवकर होतं.

रामदासपेठ_नेटवर्क
खात्री होईल, दुरुस्ती नाही. पोर्ट कायमचा बांधा: टीसीपी/आयपीच्या गुणधर्मांत ‘आयपी ऑल’खाली डायनॅमिक पोर्टची चौकट पूर्ण रिकामी करा (शून्यसुद्धा ठेवू नका, शून्य म्हणजे डायनॅमिकच), टीसीपी पोर्टमध्ये १४३३ लिहा, सेवा रीस्टार्ट करा. तो पोर्ट दुसऱ्या इन्स्टन्सकडे असेल तर वेगळा मोकळा नंबर द्या. क्लायंटच्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरच्या नावापुढे स्वल्पविराम आणि पोर्ट. कोलन चालत नाही. मग १४३४ लागतच नाही.

महाल_सपोर्ट
आणखी दोन गोष्टी, ज्यात फायरवॉलचा संबंधच नसतो. ओडीबीसी ड्रायव्हर १८ (पीसीला एसक्यूएलशी जोडणारा प्रोग्रॅम) टाकला की एन्क्रिप्शन आपोआप सक्तीचं होतं आणि सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणून जोडणी नाकारली जाते. दुसरी: लाइट जाऊन आली की गोदामाच्या राउटरला नवा आयपी मिळू शकतो आणि दुकानातला पीसी जुन्याच आयपीला हाका मारतो. राउटरचा वॅन (इंटरनेटकडचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये दिसला तर तो इंटरनेट कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा आयपी) आहे, तिथं पोर्ट फॉरवर्ड करून काही होत नाही. स्थिर आयपी घ्या. नाहीतर दुकानात स्थिर आयपी असेल तर गोदामाकडून दुकानाकडे व्हीपीएन (दोन जागांमधला खासगी बंदिस्त टनेल) लावा. मग १४३३ इंटरनेटवर उघडा ठेवायची गरजच उरत नाही.

हिंगणा_डीबीए
व्हीपीएनला माझा विरोध नाही. मात्र लॉगिन होतं आणि मोठा रिपोर्ट काढताना जोडणी अडकते, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा: टनेलमधून सर्व्हरला पिंग -एफ -एल १४७२ जात नसेल तर १४६४, मग त्याहून खाली, आणि जो आकडा जाईल त्यात २८ (हेडरचे बाइट) मिळवून तो टनेलला द्या.