मदत हवी आहे: पुढच्या डिस्क ब्रेकचा कर्कश आवाज, नवे पॅड टाकूनही जाईना

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. राहायला केजला, कामासाठी बीडला जाणं-येणं नेहमीचं. दिवाळीआधी पुढचे पॅड बदलून घेतले. महिनाभर काही कुरबुर नव्हती, मग डाव्या पुढच्या चाकातून आवाज सुरू झाला.

आवाज कसा ते नीट सांगतो, कारण गॅरेजमध्ये नेली की नेमका तो येत नाही. चौकात वेग कमी असताना हलका ब्रेक लावला की बारीक, लांब शिट्टी वाजते. पाय जोरात दाबला की बंद. मांजरसुंब्याहून बीडकडं घाट उतरताना ब्रेक तापले की वाढते. आणि खाली सपाटीला लागल्यावर, पाय ब्रेकवर नसतानासुद्धा, चाकाच्या फेऱ्याबरोबर घासल्यासारखी खर्र-खर्र येत राहते. पेडल थरथरत नाही, गाडी एका बाजूला ओढत नाही, ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे.

एक मिस्त्री म्हणतो, दोन्ही डिस्क आणि पॅड बदला. दुसरा म्हणतो, पॅडला करवतीनं खाचा पाडून देतो. डिस्कचा खर्च करायला माझी ना नाही, पण खरंच गरज आहे का? घरची सगळी मंडळी याच गाडीत बसून घाट उतरतात. आवाज एक वेळ सहन करीन, ब्रेकमध्ये काही दोष राहून गेला तर ते चालणार नाही. जाणकारांनी कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद:
गाडी धुतल्यावर किंवा रात्री दव पडल्यावर सकाळीच आवाज येतो का? डिस्क ओतीव लोखंडाची, तिच्यावर लगेच गंजाचा थर धरतो. तो दोन-चार ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची चिंता नको. डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकला असेल तरी पाय न लावता खरखर येते.

धागाकर्ता:
नाही दादा, दिवसभर येतो. पत्रा पाहिला, खडा नाही.

प्रतिसाद:
भाऊ, माझं लातूरला गॅरेज आहे. खाचा पाडू देऊ नका आणि मोजल्याशिवाय डिस्कही बदलू नका.

शिट्टी म्हणजे पॅड डिस्कवर थरथरायलाय. जोरात दाबल्यावर पॅड घट्ट धरला जातो, म्हणून आवाज थांबतो. पण ब्रेक सोडल्यावरही घासतंय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पॅड मागं सरकत नाही असा त्याचा अर्थ. आपल्याकडं पावसाळ्यात शेतरस्त्याचा काळा चिखल कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, खाचेत बसतो आणि वाळला की सिमेंटसारखा धरून राहतो. पॅड नवे टाकले तरी ती खाच कुणी खरवडत नाही, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनाही कुणी काढून बघत नाही.

घाट उतरल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ नुसता हात न्या, डिस्कला लावू नका. डावं जास्त तापलेलं असेल तर अंदाज बरोबर. मग सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावून गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड द्या, चाक काढा. कॅलिपर सोडवला की तारेनं टांगून ठेवा, ब्रेकच्या नळीवर लटकू देऊ नका. दोन्ही पिना बोटानं सरकल्या पाहिजेत. पॅड काढून आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवा. तिरका झिजला असेल किंवा आतला जास्त झिजला असेल, तर पिन नाहीतर पॅडला ढकलणारा पिस्टन अडकतोय. पॅडच्या पाठीचा शिम, म्हणजे आवाज दाबणारा पातळ पत्रा, जागेवर आहे का तेही बघा. पॅडला एक छोटी पोलादी जीभ असते, पॅड संपत आला की ती डिस्कला लागून मुद्दाम वाजते. ती वाकली असेल तर नवा पॅडही ओरडतो.

पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला एक थेंबही लागता कामा नये. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कडेला धार उभी राहिलेली असते, म्हणून आतून मायक्रोमीटरनं मोजा.

धागाकर्ता:
काका, तुम्ही सांगितलं तसंच उघडून पाहिलं. डावीकडची खालची पिन जागची हलत नव्हती, हातोडीनं हळूहळू ठोकून काढावी लागली. रबर फाटलंय, आत चिखल आणि गंज. आतला पॅड पाचरीसारखा तिरका झिजलाय. शिम तर बसवलेलाच नाही, उजवीकडं मात्र आहे. डिस्क मोजली, किमान जाडीपेक्षा बरीच जास्त आहे, चरेही खोल नाहीत. आता फक्त डावीकडचे पॅड बदलले तर चालेल का?

प्रतिसाद:
नाही. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे, नाहीतर ब्रेक लावल्यावर गाडी एका अंगाला ओढायला लागंल. पिन आणि रबर नवं घ्या, शिम आणि क्लिपा दोन्हीकडं बसवा. पिस्टन मागं दाबताना ब्रेक ऑइल वर चढतं, डबीवर लक्ष ठेवा, रंगावर सांडू देऊ नका. चाक बसवलं की गाडी हलवायच्या आधी पेडल टणक लागेपर्यंत दाबा. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पाय रिकामा जातो.

नंतर मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका. असं आठ-दहा वेळा, मधे थोडं अंतर नुसती चालू द्या म्हणजे ब्रेक गार होतील. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, पाय सारखा ब्रेकवर ठेवू नका, त्यानं पॅड तापून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि शिट्टी परत येते.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ह्याच कामात बदलून घ्या. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल खाली जातं.