मांजराच्या पिसवा कशा घालवल्या? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

पावसाळा लागला की मांजरं खाजवून खाजवून हैराण होतात. ऐकीव उपाय नकोत, घरी करून पाहिलेलंच लिहा.

महाल: आमचं घर जुनं, शहाबादी फरशीचं. मनीच्या शेपटीच्या मुळाशी काळे कण दिसले. ओल्या कापसावर घेतले तर तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. डॉक्टरांनी मानेमागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून फिप्रोनिलचे थेंब सोडले. पण खरी वस्ती घरात असते. अंडी अंगावरून गळून फरशीच्या सांदीत, गादीखाली पडतात, आणि कोशातली पिसू महिनोन्महिने दबा धरून बसू शकते. म्हणून दर महिन्याला थेंब, गोधड्या कडकडीत पाण्यात, सांदीसांदीतून व्हॅक्यूम आणि ती धूळ लगेच पिशवीत बांधून घराबाहेर. हे नेमाने चालवलं तेव्हा कुठे घर मोकळं झालं.

सक्करदरा: आमच्याकडे कुत्रा अन् बोका एकाच पोत्यावर झोपतात. कळकळीने सांगते, कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला लावू नका जी! मांजराच्या शरीराला ते पचवता येत नाही. झटके येतात, जीव जातो. बोका कुत्र्याला चाटतो, म्हणून आम्ही कुत्र्यासाठीही बिनपरमेथ्रिनचंच मागतो. टी ट्री तेलही मांजराला विषारीच.

धरमपेठ: रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, पिसवांनी रक्त शोषलेलं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवलं. इतक्या लहान जिवाला थेंब नकोत म्हणाले. मग कोमट पाण्याने अंघोळ, आधी मानेभोवती फेस, म्हणजे पिसवा डोक्याकडे पळत नाहीत. नंतर बारीक दातांची फणी. निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. लगेच कोरडं करून उबेत ठेवलं. आता चांगलं बाळसं धरलंय.

मानेवाडा: 45 अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात पिसवांच्या अळ्या टिकत नाहीत, पण कूलरची खोली दमट. आमच्याकडे मे महिन्यात त्याच खोलीतल्या सतरंजीत सापडल्या.

प्रतापनगर: आमच्या मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसतं. हेही पिसवांमुळेच का?

महाल: हो, बहुतेक फीतकृमीचे तुकडे असतील. अंग चाटताना पिसू गिळली की होतात. डॉक्टरांना दाखवून जंताचं औषधही घ्या, आणि पिसवांचं थांबवू नका, नाहीतर परत होतील.