वॉर्डात पेशंट गेला की स्टाफला कोण विचारतं?

रात्रपाळी
आयसीयूत सहा वर्षं झाली मला. मागच्या महिन्यात एकाच पाळीत दोन पेशंट गेले, दुसऱ्याला आळीपाळीने पाऊण तास सीपीआर दिला आणि हात धुऊन लगेच पुढच्या बेडचं इंजेक्शन भरायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोल बसवून 'काय वाटलं ते सांगा', मला तर तोंडच उघडता आलं नाही, वर घरी आल्यावर रात्रभर तेच डोळ्यापुढे. आता स्ट्रेस मॅनेजमेंटचं ट्रेनिंग ठेवलंय, तेही वीकली ऑफला! असल्या ट्रेनिंगचा कुणाला खरंच उपयोग झालाय का?

जुनी सिस्टर
बोलता आलं नाही यात तुझं काही चुकलं नाही गं. घडल्या घडल्या सगळ्यांना असं बोलतं करणं म्हणजे डीब्रीफिंग, आणि एका बैठकीच्या डीब्रीफिंगने पीटीएसडी, म्हणजे धक्क्यानंतर मागे लागणारा मानसिक आजार, टळत नाही हे २००२ च्या कॉक्रेन रिव्ह्यूत, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, आलंय. डब्ल्यूएचओ त्याऐवजी सायकॉलॉजिकल फर्स्ट एड सांगते, म्हणजे बघा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, खोदून काही विचारायचं नाही. आम्हाला ते शिकवलं होतं, लेक्चर मी केव्हाच विसरले, पण एक लागलं अंगी, कुणी स्टोअररूममध्ये रडताना दिसली की तिचे बेड अर्धा तास दुसरीने बघायचे. तो अर्धा तास फार मोठा असतो. महिना उलटूनही तेच दिसत असेल, झोप उडाली असेल तर मात्र सायकियाट्रिस्टला दाखव, अंगावर काढू नकोस.

छत्तीस तास जागा
आत श्वास मोजायला शिकवतात, बाहेर आलं की तेच रोस्टर. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीत, बर्नआउट (कामाने पार पिचून जाणं) आजार म्हणून नाहीच, कामातून येणारी गोष्ट म्हणून आहे. मग इलाज कामावर करा ना, माझ्यावर कशाला?

फार्माकोलॉजी नकोशी
रोस्टरचं पटतं, पण ट्रेनिंग अगदीच वाया म्हणणार नाही. माझ्याकडून डोस चुकला होता, पेशंट वाचला पण पुढे कितीतरी दिवस मी प्रत्येक अँप्यूल चारचारदा वाचायचो. अशा डॉक्टर-नर्सला 'सेकंड व्हिक्टिम', म्हणजे त्या चुकीचा दुसरा बळी, म्हणतात, अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी २००० साली लिहिलंय, हे ट्रेनिंगमध्येच कळलं आणि आपण एकटेच वेडे नाही हे बघून जरा हलकं वाटलं. फक्त काउन्सेलरशी बोलण्याआधी एक विचारून घे, तिथलं बोलणं मॅनेजमेंटकडे जातं का. आमच्याकडे जायचं, मग कोण कशाला खरं बोलेल.

रात्रपाळी
हे डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारते. आणि ऑफच्या बदली ऑफ पण मागते.